आभासी चलनात पैसे घालण्यापूर्वी

बिटकॉइन या आभासी चलनाचे व्यवहार २००९ मध्ये सुरू झाले. त्याचा भाव मागणीनुसार वरखाली होतो, म्हणून दरमहा ठरावीक परताव्याची हमी देणारा गृहस्थ चाटी गल्लीतला ओळखीचा व्यापारी असला, तरी त्याच्यापासून चार हात दूर राहावे. बनावट ॲपवर रक्कम फुगत जाते, सुरुवातीला दोन-तीन हजार काढूही दिले जातात (गळाला आमिष लावतात ते असेच), आणि मोठी रक्कम काढू लागताच ‘आधी तीस टक्के कर भरा’ असा निरोप येतो. नफ्यावर तीस टक्के कर खराच आहे, तो २०२२ पासून लागू झाला. मात्र तो आयकर विभागाकडे भरायचा असतो, कुणाच्या यूपीआय खात्यावर नव्हे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने आवाज आणि चेहरा हुबेहूब उभा करता येतो. पुण्यात शिकणाऱ्या भाच्याने रडत पैसे मागितले, तर फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण स्वतः फोन लावावा. पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर धाक घालत अडकवून ठेवतात, ती ‘डिजिटल अटक’ कायद्यात नाहीच.

पैसे गेलेच, तर लाजेपोटी दिवस न दवडता तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वीच ती गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.