प्रेअरीवरचा संसार: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

चार्ल्स आणि कॅरोलाइन इंगल्स या दांपत्याने १८६९ नंतरच्या दहा-अकरा वर्षांत अमेरिकेच्या प्रेअरीवर, म्हणजे विस्तीर्ण गवताळ मैदानांवर, कॅन्सस, मिनेसोटा, आयोवा आणि डकोटा या भागांत आपले बिऱ्हाड पुन्हा पुन्हा हलवले. त्यांची दुसरी मुलगी लॉरा पुढे लेखिका झाली, त्यामुळे अशा हजारो कुटुंबांपैकी या एका कुटुंबाची हकिगत तपशिलाने टिकून राहिली. तिच्या अनुषंगाने आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न: अमेरिकन सरकारने वसाहतकऱ्यांना १६० एकर जमीन फुकट दिली, असे वाचले. मी स्वतः शेतकरी आहे. इतकी जमीन खरोखरच फुकट मिळत असेल, तर लोक ती सोडून का जात होते? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर: आपण ज्याचा उल्लेख करता तो होमस्टेड कायदा. त्यावर अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी स्वाक्षरी केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. वयाची २१ वर्षे पूर्ण केलेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या कोणाही नागरिकाला, तसेच नागरिकत्व घेण्याचा इरादा रीतसर जाहीर केलेल्या परदेशी माणसालाही, १६० एकर, म्हणजे सुमारे ६५ हेक्टर, सरकारी जमिनीवर दावा नोंदवता येत असे. त्या जमिनीवर राहते घर बांधून, पाच वर्षे वस्ती आणि लागवड करून, दोन साक्षीदारांकरवी ते सिद्ध केले की मालकीचा कागद हाती पडे. सरकारी शुल्क सगळे मिळून साधारण १८ डॉलर होते. या अर्थाने जमीन जवळजवळ फुकट होती.

मात्र ती कसण्याजोगी करण्याचा सगळा भार वसाहतकऱ्यावरच होता. बैलजोडी, नांगर, गाडी, बियाणे, विहीर आणि पहिले पीक हाती येईपर्यंतचे धान्य हे सारे त्याला स्वतः उभे करावे लागे. प्रेअरीची माती सुपीक होती, पण शतकानुशतके वाढलेल्या गवताच्या मुळांचे दाट जाळे तिच्यात विणलेले होते आणि ओली माती ओतीव लोखंडाच्या फाळाला चिकटून बसे. जॉन डिअर या लोहाराने १८३७ साली इलिनॉयमध्ये गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर बनवला, तेव्हा हे काम शक्य कोटीत आले. तरीही पहिल्या वर्षी जमीन पुरती फुटत नसे. उलटलेल्या ढेकळांत कुऱ्हाडीने खाच पाडून तिच्यात मक्याचे दाणे टाकत आणि मिळेल तेवढ्यावर वर्ष काढत.

मला यापेक्षा मोठी अडचण पावसाची वाटते. १०० अंश पश्चिम रेखांशाच्या आसपास वार्षिक पाऊस २० इंचांच्या, म्हणजे सुमारे ५० सेंटिमीटरच्या खाली येऊ लागतो. पूर्वेकडच्या ओलसर प्रदेशात १६० एकरांवर एक कुटुंब सुखाने राहू शके, पण त्या रेषेच्या पश्चिमेला तेवढीच जमीन अपुरी पडे. भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात हे स्पष्टपणे मांडले होते. जमीन नांगरली की मागोमाग पाऊस येतो, अशी समजूत त्या काळी जोरात पसरवली जात होती, त्यामुळे पॉवेल यांचे म्हणणे फार थोड्यांनी मनावर घेतले. शिवाय १८६२ च्याच दुसऱ्या एका कायद्याने लोहमार्गालगतच्या जमिनीचे एकाआड एक चौरस रेल्वे कंपन्यांना दिले होते. बाजाराला जवळची जमीन हवी असेल, तर ती बहुधा विकतच घ्यावी लागे.

या कायद्याखाली अखेरपर्यंत सुमारे १६ लाख दावे पूर्णत्वास गेले आणि जवळपास २७ कोटी एकर जमीन खासगी मालकीची झाली. अर्ध्यावर सोडलेल्या दाव्यांची संख्याही फार मोठी होती. चार्ल्स इंगल्स यांनी १८८० साली डकोटातील डी स्मेट गावाजवळ दावा नोंदवला आणि १८८६ मध्ये तो सिद्ध केला. पण लवकरच ते शेत सोडून गावात राहायला आले आणि उरलेले आयुष्य त्यांनी तेथेच काढले.

प्रश्न: झाडेच नसलेल्या मुलुखात घर कशाचे बांधत आणि चूल कशावर पेटवत? (एक वाचक, पुणे)

उत्तर: घर मातीचेच असे. नांगराने गवताळ जमिनीच्या लांब पट्ट्या सोलून काढत, फावड्याने त्यांचे तुकडे करत आणि गवताची बाजू खाली ठेवून ते विटांसारखे रचत. मुळांमुळे हे तुकडे घट्ट राहत. भिंती दोन ते तीन फूट जाड असल्याने घर उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राही, वणव्यातही टिके. छपरावरही हीच माती असल्यामुळे मोठा पाऊस झाला की पुढे दोन दिवस घरात चिखलाचे पाणी ठिबकत राही. माती, उंदीर आणि कधीकधी साप अन्नात पडू नयेत म्हणून बायका छताखाली पातळ कापड ताणून बांधत. इंगल्स कुटुंब १८७४ साली मिनेसोटातील वॉलनट ग्रोव्हजवळ आले, तेव्हा त्यांचे पहिले घर ओढ्याच्या काठात खोदलेले होते. तिथे मागची भिंत म्हणजे काठच, आणि वरच्या गवतावरून गुरे चालत.

सरपणाची गोष्ट आपल्याकडच्या वाचकांना चटकन उमजेल, कारण ते लोक एक प्रकारच्या गोवऱ्याच जाळत. फरक इतकाच की त्या थापाव्या लागत नसत. बायसन या रानगव्यासारख्या जनावराचे शेण गवतावर आपोआप वाळे आणि मुले पोती घेऊन ते वेचत. पुढे बायसन संपले, तेव्हा गुरांचे शेण, मक्याची रिकामी कणसे आणि पीळ घातलेले वाळके गवत आले. गवताचा पेंढा झरझर जळून जाई, म्हणून घरातल्या कोणा ना कोणाला सतत पीळ घालत बसावे लागे. १८८०-८१ च्या हिवाळ्यात हिमवादळांनी रेल्वे जानेवारीपासून मेपर्यंत बंद पडली आणि डी स्मेटमध्ये कोळसा व पीठ दोन्ही संपले. तेव्हा या कुटुंबाने हात सोलवटेपर्यंत गवत पिळले आणि बियाण्याचा गहू कॉफीच्या हातगिरणीत दळून त्याची भाकरी खाल्ली, असे लॉराच्या आठवणी सांगतात.

प्रश्न: टोळधाडीने त्यांचे किती नुकसान झाले? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: मिनेसोटातला त्यांचा संसार टोळांनीच उठवला. रॉकी पर्वतातील टोळांच्या झुंडी १८७३ ते १८७७ या काळात वारंवार प्रेअरीवर उतरल्या. गहू, भाजीपाला, झाडांची साल, वाळत घातलेले कपडे, इतकेच नव्हे तर अवजारांच्या घामाने मुरलेल्या लाकडी मुठीही त्यांनी कुरतडल्या. रुळांवर चिरडलेल्या टोळांमुळे आगगाड्यांची चाके घसरत. जाताना ते मातीत अंडी घालून जात, म्हणजे पुढच्या वर्षाचे पीकही गेल्यात जमा असे. चार्ल्स यांना मजुरीसाठी, सुगी शाबूत असलेल्या पूर्वेकडच्या शेतांवर पायी जावे लागले. त्या दुष्काळात सरकारी मदतीचे पीठ मिळवण्यासाठी आपल्याजवळ काहीही साधन उरलेले नाही, असे त्यांना लिहून द्यावे लागले. स्वतःच्या हिमतीवर जगणारा वसाहतकरी असे जे चित्र रंगवले जाते, त्याच्या शेजारी हा कागद ठेवून पाहावा, असे मला मनापासून वाटते. १८७६ साली त्यांनी ते गाव सोडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, आयोवाच्या वाटेवर असताना, त्यांचा नऊ महिन्यांचा एकुलता एक मुलगा फ्रेडी दगावला.

टोळांची ही जात मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीच नष्ट झाली. १९०२ नंतर तिचा जिवंत नमुना मिळालेला नाही. पर्वतांतील ज्या नदीखोऱ्यांत ती अंडी घाले, ती खोरी नांगराखाली आल्यामुळे असे झाले असावे, असे काही अभ्यासक मानतात.

प्रश्न: या साऱ्या हकिगतीत पुरुषच पुढे दिसतो. बायका आणि मुली काय करत? (एक शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर: कायद्याच्या भाषेत पाहिले तर अविवाहित स्त्री किंवा विधवा स्वतःच्या नावावर दावा नोंदवू शके आणि अशा अनेक स्त्रियांनी जमिनी मिळवल्याही. नवरा कुटुंबप्रमुख असलेल्या विवाहितेला तो अधिकार नव्हता. प्रत्यक्षात पाणी वाहणे, दूध-लोणी, कोंबड्या, चरबी आणि राखेच्या क्षारापासून साबण करणे, शिवणकाम आणि आजारपण हे तिच्याकडेच असे, आणि अंडी व लोणी विकून येणारे पैसे पीक बुडालेल्या वर्षी घर तारून नेत. चार्ल्स मजुरीला दूर गेलेले असताना लहान मुलींसह घर आणि गुरे सांभाळणारी कॅरोलाइन लग्नापूर्वी शिक्षिका होती, हे आपल्याला जाणून आवडेल. मुलींच्या शिक्षणाचा आग्रह तिचाच. थोरली मुलगी मेरी १८७९ साली, चौदाव्या वर्षी, मेंदूज्वरासारख्या आजाराने अंध झाली. १८८१ मध्ये तिला आयोवातील व्हिंटन येथील अंधशाळेत पाठवण्यात आले. लॉराने १८८५ साली लग्न होण्यापूर्वी तीन सत्रे शाळेत शिकवले आणि त्या कमाईचा हातभार मेरीच्या खर्चाला लागला.

प्रश्न: आजारी पडल्यावर डॉक्टर मिळत होता का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: क्वचितच. कॅन्ससमध्ये हे कुटुंब हिवतापाने अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांच्यावर उपचार केले ते डॉ. जॉर्ज टॅन या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी. रोगाचे कारण रात्रीची दमट हवा असावी, असे तेव्हा लोक समजत. डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी रोनाल्ड रॉस यांना सापडले ते १८९७ साली, आपल्या सिकंदराबादेत. पण क्विनाइनचा उपयोग आधीपासूनच ठाऊक होता आणि ते प्रेअरीवर पोचत असे.

प्रश्न: ज्या जमिनीवर हे लोक गेले, ती आधी कोणाची होती? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, अमरावती)

उत्तर: हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले आभार, कारण तो सोडून बाकी सारे सांगितले तर ती हकिगत अपुरी राहील. १८६९ साली चार्ल्स यांनी कॅन्ससमध्ये जेथे लाकडी घर बांधले, ती जमीन ओसेज या मूलनिवासी लोकांची राखीव भूमी होती. ती होमस्टेड कायद्याखाली खुली नव्हती आणि तेथे घर बांधण्याचा त्यांना कायदेशीर अधिकार नव्हता. १८७० च्या जनगणनेत तेथील वसाहतकऱ्यांकडे जमिनीचा हक्क नसल्याची नोंद आहे. ओसेज लोक बायसनच्या शिकारीसाठी पश्चिमेकडे गेले की मागे वसाहतकरी त्यांच्या शेतांत आणि वस्त्यांत घुसत. सरकारने घुसखोरांना हटवले नाही. उलट जुलै १८७० मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ओसेजांच्या स्थलांतराचा कायदा केला आणि चहूबाजूंनी कोंडीत सापडलेल्या ओसेजांनी सप्टेंबरमध्ये त्याला संमती दिली. त्यांची जमीन वसाहतकऱ्यांना एकरी सव्वा डॉलरने विकण्यात आली आणि त्या पैशांतून ओसेजांनी आजच्या ओक्लाहोमात चेरोकी लोकांकडून दुसरी जमीन विकत घेतली. इंगल्स कुटुंब १८७१ मध्ये विस्कॉन्सिनमधील आपल्या आधीच्या घरी परतले, कारण ते घर विकत घेणाऱ्याला उरलेले पैसे देणे जमले नाही.

मिनेसोटाची कथाही वेगळी नाही. वॉलनट ग्रोव्हचा प्रदेश डकोटा या मूलनिवासी लोकांकडून १८५१ च्या करारांनी घेतलेला होता. ठरलेले पैसे आणि धान्य वेळेवर न मिळाल्याने १८६२ मध्ये उपासमारीत युद्ध पेटले, २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅनकेटो येथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या लोकांना राज्याबाहेर घालवण्यात आले. इंगल्स कुटुंब तेथे आले ते यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी. या कुटुंबाच्या कष्टांविषयी मला आदर आहे, पण त्यांच्या नांगराखाली आलेली जमीन ओसाड नव्हती, ती रिकामी करण्यात आली होती.

प्रश्न: आम्ही मुलाकडे अमेरिकेत जाणार आहोत. हे गवत आणि ही ठिकाणे आज पाहायला मिळतील का? (एक ज्येष्ठ वाचक, नाशिक)

उत्तर: अवश्य मिळतील. उंच गवताची मूळ प्रेअरी आता चार टक्क्यांहूनही कमी उरली आहे. तिचा मोठा सलग पट्टा कॅन्ससच्या फ्लिंट हिल्स भागात असून तेथे १९९६ पासून राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र आहे. ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये गेलात, तर बिग ब्लूस्टेम हे गवत पुरुषभर उंच झालेले दिसेल. नेब्रास्कातील बिॲट्रिस गावाजवळ, डॅनिएल फ्रीमन यांनी १ जानेवारी १८६३ रोजी ज्या जमिनीवर दावा नोंदवला तेथे, होमस्टेड कायद्याविषयीचे राष्ट्रीय उद्यान आणि संग्रहालय आहे. दक्षिण डकोटातील डी स्मेट येथे इंगल्स कुटुंबाने १८७९ चा हिवाळा काढलेले सर्वेक्षकांचे घर जपलेले आहे. या सर्व ठिकाणी सार्वजनिक वाहतूक जवळजवळ नाही, तेव्हा मोटारीची सोय आधीच करावी.