सव्वा महिना उलटला, तरी बाळ घरातच

"मॅडम, बाळाला बाहेर कधी काढायचं?" सव्वा महिना संपला की हा प्रश्न घरोघरी निघतो. एप्रिलात एक आई तोच घेऊन आली, सोबत सासूबाई. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

पावणेतीन महिन्यांचं बाळ दुपट्यात गुंडाळलेलं. आत स्वेटर, कानटोपी, पायमोजे. "वारं लागायला नको," सासूबाई म्हणाल्या. मी मानेमागे दोन बोटं ठेवली, मान घामाने चिंब! टोपी-स्वेटर काढल्यावर लालबुंद चेहरा हळूहळू निवळला, कुरकुर थांबली. हात-पाय गार लागले की आपण पांघरूण वाढवतो, पण तान्ह्या बाळाचे हात-पाय थोडे गार असतातच. ऊब पाहायची ती मानेमागे नाहीतर छातीवर.

मग खरी गोष्ट कळली. सहा आठवड्यांच्या डोसाला नेलं, त्या रात्री ताप आला. बाहेरची हवा बाधली, असं घरात ठरलं आणि दहा आठवड्यांचा डोस राहून गेला. तो ताप बहुधा लसीचाच होता. अर्थात तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर घरी अंदाज बांधत बसू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावं, हेही मी सांगितलं.

"घरी कोण कोण येतं?" रोज कुणी ना कुणी. पापे घेतात. परवा एक पाहुणे खोकत होते. हे ऐकून मी धास्तावले. मोकळ्या हवेपेक्षा बंद खोलीतला खोकला जास्त धोक्याचा. डांग्या खोकला एवढ्या लहान जिवावर बेततो आणि त्याचीच लस त्या राहिलेल्या डोसात असते.

सासूबाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आम्ही तर शेतावर झाडाला झोळी बांधायचो." मला हेच हवं होतं! झोळी सावलीत असायची, भोवती गर्दी नसायची. तसंच करा, म्हटलं. सकाळी ऊन चढायच्या आत, दूध पाजून, सुती झबल्यात वीसेक मिनिटं. तोंडावर फडकं टाकायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत उन्हाळ्यातही वरचं पाणी नाही, अंगावरचं दूधच. लग्न, मॉल सध्या नकोत. आणि स्कूटरवर दोघांच्या मध्ये बाळ धरून तर मुळीच नाही.

आई एकटीच थांबली तेव्हा तिला रडू फुटलं. अडीच महिने तीही चार भिंतींत होती. झोप, भूक, मनात येणारे विचार, सगळं विचारलं. रडू दोन आठवडे टिकलं तर डॉक्टरांकडे जायचं, हे सासूबाईंनाही सांगितलं.

दहा दिवसांनी दोघी आल्या. डोस दिला होता. सासूबाई रोज सकाळी बाळाला सोसायटीतल्या कडुनिंबाखाली घेऊन बसतात, पानं हलली की ते टक लावून बघतं म्हणे. त्या वेळात आईने बाळंतपणानंतर पहिल्यांदा निवांत केस धुतले होते.