पोहता येत नसताना सागरी पुरातत्त्व शिकावे का?

शहाद्याजवळच्या खेड्यातील, इतिहास घेऊन बी. ए. झालेली एक विद्यार्थिनी वडिलांसह माझ्या धुळ्याच्या करिअर-मार्गदर्शन केंद्रात आली होती (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). तिला सागरी इतिहास आणि नौकापुरातत्त्व यांत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे होते. परंतु समुद्र तिने शाळेच्या सहलीत एकदाच पाहिलेला आणि पोहणे मुळीच येत नव्हते. वडिलांनी सरळ विचारले, "मॅडम, आमचं कापसाचं घर. पोरीनं बुडालेली जहाजं शोधून पोट कसं भरायचं?"

पोहण्याची भीती दूर करणे सोपे होते. तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगत केप गेलिदोन्या येथे कांस्ययुगीन जहाजाचे उत्खनन १९६० मध्ये करणारे जॉर्ज बास हे मूळचे पुरातत्त्वाचे विद्यार्थी. पाण्याखाली बुडी मारण्याचे तंत्र ते त्या कामासाठीच शिकले. पुढे त्याच किनाऱ्यावरील उलुबुरुन येथे बुडालेल्या दुसऱ्या कांस्ययुगीन जहाजाचे उत्खनन १९८४ ते १९९४ असे अकरा उन्हाळे चालले, आणि तेथून वर काढलेल्या वस्तूंचे क्षार काढणे, जतन करणे, रेखाटणे हे काम त्यानंतरही वर्षानुवर्षे जमिनीवरच सुरू राहिले.

नोकरीविषयी मात्र मी खोटी आशा दाखवली नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पाण्याखालील पुरातत्त्वाची शाखा आणि गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था अशी ठिकाणे थोडी आहेत आणि जागा त्याहून थोड्या. म्हणून आधी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे एम. ए. करावे, सोबत नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेची तयारी ठेवावी, म्हणजे अध्यापन आणि संग्रहालये हे मार्ग मोकळे राहतात, आणि सागरी शाखेकडे त्यानंतर वळावे, असे मी सुचवले.

मला अधिक बोलावेसे वाटले ते तिच्या एका वाक्यावर : "आमच्याकडे कुठं समुद्र आहे?" तिच्या गावाजवळून, प्रकाशा या गावावरून वाहणारी तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. सतराव्या शतकात बऱ्हाणपूरचे तलम कापड खानदेशातल्या वाटेने, नंदुरबारवरून सुरतेला जाई आणि तेथून जहाजाने इराण-तुर्कस्तानपर्यंत पोहोचे. तॅव्हर्निए या फ्रेंच प्रवाशाने या वाटेचे वर्णन केले आहे. बंदराला माल पुरवणारा मुलूखही सागरी इतिहासाचाच भाग असतो, हे ऐकल्यावर वडील पुढे सरकून बसले आणि नंदुरबारनंतर वाट कोणत्या गावांवरून जाई, हे विचारू लागले.

ती आता पुण्यात आहे. सकाळी तलावावर पोहणे शिकते, आणि प्रबंधासाठी तिने तीच वाट निवडली आहे.