वॉरहॅमरच्या मोठ्या खोक्यात नक्की असतं काय?

मालवणहून प्रश्न आलाय: 'वॉरहॅमर ४०,००० चा मोठा बॉक्स घ्यायचा विचार आहे. त्यात काय काय येतं? मी आणि भाचा, दोघांना तेवढ्यावर खेळता येईल का? आणि आमच्याकडच्या हवेत तो टिकेल ना?'

तिसरा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय, पण रत्नागिरीत इतकी वर्षं हा उद्योग करून सांगतो, खरा प्रश्न तोच. आधी पहिले दोन उरकू. नवख्यांसाठी एक ओळ: वॉरहॅमर ४०,००० म्हणजे छोटे शिपाई जोडून, रंगवून टेबलावर फाशांनी खेळायची दूरच्या भविष्यातली लढाई.

'मोठा बॉक्स' या नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. नियमांची नवी आवृत्ती आली की हा खेळ बनवणारी कंपनी, गेम्स वर्कशॉप, एक भलं दांडगं खोकं काढते. दहाव्या आवृत्तीचं खोकं म्हणजे 'लेव्हायथन', २०२३ सालचं. त्यात ७२ मिनी, म्हणजे छोट्या प्रतिकृती: २५ स्पेस मरीन (चिलखतातले सैनिक) आणि ४७ टायरनिड (परग्रहावरचे राक्षसी जीव), म्हणजे दोन पूर्ण बाजू. सोबत जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचं नियमांचं पुस्तक, मोहिमांच्या पत्त्यांचा गठ्ठा आणि खांद्यावर चिकटवायच्या चिन्हांचा कागद. फासे नाहीत, मोजपट्टी नाही. एवढे पैसे मोजून साधे फासे नाहीत म्हणून तेव्हा मीही चिडलो होतो.

दुसरी वस्तू म्हणजे स्टार्टर सेट. मिनी कमी, पण दोन्ही बाजूंचे. फासे, पट्टी, पातळ पुस्तिका सगळं आत. त्यातल्या सगळ्यात लहान संचात थोडे रंग, एक ब्रश आणि क्लिपरसुद्धा येतो. तिसरी वस्तू 'कॉम्बॅट पेट्रोल'. हिच्यात एकच सैन्य असतं आणि नियमांचं पुस्तक नसतं. मी पहिल्यांदा हीच घेतली होती. खोक्यावरचं चित्र बघून भाळलो, घरी आणली, आठवडाभर बसून जोडली, आणि मग लक्षात आलं की समोर लढायला कोणीच नाही. भाच्याबरोबर खेळायचंय तर डोळे मिटून स्टार्टर घ्या.

आवृत्ती मात्र बघून घ्या. २०१७, २०२०, २०२३ असा दर तीन वर्षांनी नियमांचा पालट झालेला आहे. जुन्या खोक्यातले मिनी चालतात, पुस्तक रद्दीत जातं. त्यामुळे 'लई स्वस्त मिळतोय' म्हणून कुणी जुना बॉक्स गळ्यात मारत असेल तर तो मिनींच्या हिशेबाने घ्या, पुस्तकाच्या नको. दहाव्या आवृत्तीचे मूळ नियम तर कंपनीने पीडीएफमध्ये फुकटच दिले होते. जाड पुस्तकात नियमांचा भाग थोडाच असतो. बाकी त्या विश्वाची कथा आणि रंगवलेल्या सैन्यांचे फोटो. वाचायला झकास, पण खेळायला तेवढं लागत नाही.

आता खोकं उघडल्यावर. शिपाई तयार उभे असतील अशी कल्पना असेल तर ती सोडा. आत करड्या किंवा रंगीत प्लास्टिकच्या चौकटी असतात, त्यांना स्प्रू म्हणतात. हात, डोकं, बंदूक, सगळं त्या चौकटीला देठाने लटकलेलं, काजूच्या बोंडाला बी लटकते तसं. क्लिपरने देठ कापायचा, पण अंगाला लावून नाही. थोडा सोडून कापायचा आणि उरलेला सुरीने तासायचा. स्टार्टरमधले मिनी पुश-फिट असतात, खुंटी भोकात दाबली की बसतात. नाहीच बसली तर जोर लावू नका, खुंटीचं टोक कणभर कापा. आणि पहिलं काम म्हणजे पुस्तिकेतले स्प्रूचे क्रमांक आणि हातातले स्प्रू ताडून बघणं. एखादा कमी असेल तर दुकानदाराला त्याच दिवशी कळवा; निम्मं कापून झाल्यावर कोण ऐकून घेणार?

फासे किती लागतात ते एकदा मोजून दाखवतो, म्हणजे पाच-सहा फाशांवर भागेल असं वाटणार नाही. पाच इंटरसेसर (स्पेस मरीनमधले बंदूकवाले), प्रत्येकाच्या दोन गोळ्या. दहा फासे एकदम टाकायचे. तीन किंवा जास्त पडला तर नेम लागला. समजा सात लागले. ते सात उचलून पुन्हा टाकायचे, समोर टर्मागंट (टायरनिडांमधले छोटे शिपाई) असतील तर पुन्हा तीन किंवा जास्त हवा. पाच राहिले. मग भाचा पाच फासे टाकणार, आणि त्या बंदुकीपुढे एकेका टर्मागंटचा जीव फक्त सहा पडला तरच वाचणार. चार-पाच टर्मागंट आडवे. ही झाली एका तुकडीची एक फैर. वीस-पंचवीस फासे जवळ ठेवा, साधे सहा बाजूंचे, लुडोतले चालतात. अंतर इंचात मोजायचं, त्याला शिंप्याची टेप उत्तम. कॉम्बॅट पेट्रोलच्या लढाईला ४४ बाय ३० इंच जागा लागते, म्हणजे कॅरम बोर्ड पुरत नाही. आम्ही ओटीवर जुनं दार आडवं टाकून खेळतो.

आता हवा. एका जुलैत पाऊस थांबलेला बघून मी पडवीत दहा मरीन मांडले आणि प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराचा, स्प्रे मारला. वाळल्यावर बोट फिरवलं तर पॉलिश पेपर. दमट हवेत स्प्रे असा रवाळ बसतो आणि चेहऱ्यावरची सगळी कोरीव नक्षी बुजवतो. दहाच्या दहा डोकी गेली. तेव्हापासून पावसाळ्यात स्प्रेला हात लावत नाही. घाई असेल तर ब्रशने लावायचा प्रायमर पातळ दोन हात देतो.

गोंदाचंही तसंच. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यावरच आळतो, म्हणून आपल्याकडे तो पटकन धरतो आणि सांध्याभोवती पांढरी भुकटी सोडतो. स्टार्टरला गोंद फारसा लागतच नाही, पण लागलाच तर प्लास्टिक सिमेंट वापरा. ते प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं. रेझिन किंवा धातूच्या मिनीला मात्र ते निरुपयोगी, तिथे सुपरग्लूच. पुस्तक आणि पत्ते घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. कपाटात उघडे ठेवलेत तर गणपतीपर्यंत बुरशी धरलीच म्हणून समजा. बेसवर, म्हणजे मिनीच्या पायाखालच्या चकतीवर, पसरायला चिवल्याच्या किनाऱ्यावरची वाळू आणणार असाल तर गोड्या पाण्यात तीन-चारदा धुऊन कडक वाळवा. मीठ राहिलं तर ती पुन्हापुन्हा ओल ओढते. जांभ्याच्या बारीक कपच्या मात्र लाल ग्रहाच्या जमिनीला झक्क दिसतात, आणि त्या फुकट आहेत.

रंगकामाला गुरू शोधत हिंडू नका. गावात गणपतीची शाळा असेलच. डोळ्यांची आखणी करणाऱ्या माणसाशेजारी एक दुपार बसा. मनगट टेकवून, श्वास रोखून, ब्रश न हलवता मूर्तीच हळूच फिरवणं मी तिथे पाहिलं, आणि माझ्या मरीनचे डोळे त्यानंतर तिरळे व्हायचे थांबले.

विषय निघालाच आहे तर, किनाऱ्यावरच्या माणसाने वॉरलॉर्ड गेम्सचा 'ब्लॅक सीज' एकदा बघावाच. शिडाच्या जहाजांचा खेळ. त्याच्या मूळ संचात तीन फ्रिगेट, सहा ब्रिग आणि दोरखंडासाठी धागासुद्धा येतो. खेळाचा काळ १७७० ते १८३०. आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गाखाली १७५६ मध्ये जळालं, म्हणजे चौदा वर्षांनी हुकलं. मी दोन ब्रिगांची नाळ सुरीने तासून, लांब पुढे काढून त्यांचे गुराब, म्हणजे आंग्र्यांच्या आरमारातली जहाजं, केलेत. नियमांत बसत नाहीत, पण समोरचा खेळाडू वेंगुर्ल्याचा आहे, तो हरकत घेत नाही.

आत्ता मृग लागलाय. बॉक्स मागवा, कापा, जोडा, करड्या प्लास्टिकवरच भाच्याशी दोन-चार लढाया करून घ्या. स्प्रे दसऱ्यानंतर.