1920च्या दशकातल्या कॉन कंपनीच्या आल्टो सॅक्सोफोनच्या नेकवरची (वरच्या वाकड्या नळीवरची) फिरणारी रिंग, बाहेर वळवलेल्या कडांची भोकं आणि जास्तीच्या चाव्या कशासाठी असतात? असा सॅक्स घ्यावा का?

तुम्ही म्हणताय तो 1920च्या दशकातला कॉन आल्टो घ्यायला हरकत नाही, पण आधी सीरियल नंबरापाशी कोरलेलं अक्षर बघा. एल असेल तर सूर आजचाच, म्हणजे ए स्वर 440 हर्ट्झचा. एच असेल तर तो हाय पिचचा, 457च्या आसपास. माउथपीस बाहेर ओढून एखादा स्वर जुळवाल, पण बाकीच्यांची आपसातली अंतरं बिघडतात. तो फक्त शोभेसाठीच.

आता ती रिंग. ती मायक्रोट्यूनर. एरवी सूर मिळवायला माउथपीस नेकच्या टोकाला गुंडाळलेल्या बुचावर पुढे-मागे सरकवतो. इथे रिंग फिरवली की नेकच लांब-आखूड होते. कल्पना झकास, पण आतलं पॅकिंग वाळलं की तिथून हवा निसटते आणि खालचे स्वर गुरगुरायला लागतात. विकत घेण्याआधी नेक काढा, मोठं तोंड तळहाताने गच्च दाबा, ऑक्टेव्हचं भोक बंद आहे ना बघा आणि बुचाच्या बाजूने फुंका. हवा जात असेल तर लगेच कळतं. दुरुस्त होतं, पण मग भाव तसा करा.

बाहेर वळवलेल्या कडांची भोकं म्हणजे रोल्ड टोन होल. पॅड, म्हणजे भोक झाकणारी मऊ गादी, रुंद, गुळगुळीत कडेवर बसलं की जास्त टिकतं, असा त्यामागचा विचार. त्यानेच आवाज भारदस्त होतो म्हणतात, ते मला पटत नाही. मार्टिन कंपनी भोकांच्या कडा वेगळ्या करून डाख देऊन बसवायची, त्यांचाही आवाज तितकाच भरदार. एक मात्र पक्कं सांगून ठेवा: कड वाकडी असली तरी कारागिराने तिला कानस लावायची नाही. वळणच घासलं जातं, ते परत येत नाही.

उजव्या तर्जनीपाशी जास्तीची चावी आहे ती जी आणि जी शार्पच्या ट्रिलसाठी, म्हणजे हे दोन स्वर झटपट आलटून-पालटून वाजवायला. असू द्या, कुणाला त्रास नाही. फोर्क्ड ई फ्लॅटचं (ई फ्लॅट वाजवायच्या पर्यायी बोटांच्या पद्धतीचं) जास्तीचं छोटं झाकण मात्र हमखास गळतं. बरेच कारागीर ते कायमचं बंद करतात, मीही तेच सुचवेन. जी शार्पच्या चावीवर खरबरीत रेघा दिसल्या तर गंज समजू नका. घामेजलेली करंगळी घसरू नये म्हणून त्या मुद्दाम काढलेल्या असतात.

जाता जाता: त्या काळात अमेरिकेत सी मेलडी सॅक्सही (आल्टो आणि टेनर यांच्या मधल्या आकाराचे, सी स्वराचे) धडाधड खपले, आणि आता ते टेनर म्हणून गळ्यात मारले जातात. बँडच्या नोटेशनला निरुपयोगी. पण गाण्याच्या साथीला मला तो आवडतो. आल्टोवर सी वाजवला की काळी दोन ऐकू येते, यावर सरळ पांढरी एक. गायकाने पट्टी सांगितली की मनात बेरीज-वजाबाकी करत बसावं लागत नाही.