साधा डिजिटल कॅमेरा आहे, फोटोग्राफी शिकायला सुरुवात कुठून करू? आधी डीएसएलआर घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की दादाचा जुना, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा तुम्ही वापरायला घेतलाय, पण घरातले फोटो एकतर हललेले येतात नाहीतर पांढरेफटक. आणि ओळखीचे सगळे म्हणतात, 'आधी डीएसएलआर (भिंगं बदलता येणारा मोठा कॅमेरा) घे, मग शीक.' आत्ता घेऊ नका. मी अशाच कॅमेऱ्यावर शिकले. दोन पेन्सिल सेलवर चालायचा तो. तेव्हा जे हाताला वळण लागलं तेच आज मोठा कॅमेरा हातात असतानाही कामी येतं.

पहिलं काम म्हणजे फ्लॅश बंद करा. विजेच्या बाणाचं चिन्ह असलेलं बटण असतं, ते दाबून त्या बाणावर काट मारलेली दिसेल तिथे थांबायचं. 'ऑटो'वर ठेवला तर जरा अंधार दिसला की फ्लॅश आपला आपण उडतो, आणि तुमचे पांढरेफटक फोटो बहुतेक त्याचेच आहेत.

मला हे आजीमुळे कळलं. वाईला आमचं घर जुनं, माजघरात दिवसाही अंधार. उजेड यायचा तो परसदारातून. आजी सुपात तांदूळ निवडत होती. परसदाराशी पसारा होता म्हणून मी तिला आत, स्वच्छ भिंतीपाशी बसवलं आणि फोटो काढला. कपाळ चकाकलेलं, चेहरा सपाट, मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली, आणि सुपातले तांदूळ म्हणजे नुसता एक पांढरा डाग. दुसरा काढला, तोही तसाच. तेवढ्यात आजी सूप घेऊन उठली आणि परत दाराशी जाऊन बसली. म्हणाली, 'अगं, तिथं खडे दिसत नाहीत मला.'

फ्लॅश बंद करून मी तिथेच तिचा फोटो काढला. उजेड एका बाजूने येत होता, त्यामुळे प्रत्येक दाण्याला स्वतःची बारीकशी सावली होती. बोटांवरच्या सुरकुत्या दिसत होत्या, नऊवारीच्या काठाची वीण दिसत होती. ज्या उजेडात तिला खडा दिसत होता, त्याच उजेडात कॅमेऱ्यालाही सगळं दिसत होतं. तेव्हापासून मी कुठल्याही घरात, बाजारात गेले की आधी बघते, बारीक काम करणारी माणसं कुठे बसली आहेत. शिंपी मशीन कुठे लावतो, गजरे ओवणाऱ्या बायका कुठल्या पायरीवर बसतात. उजेड त्यांनी आधीच शोधून ठेवलेला असतो. तुमच्या घरातही अशी एक जागा नक्की असेल. जिथे आई सुईत दोरा ओवायला जाऊन बसते ती. तिथून सुरुवात करा.

आता हललेल्या फोटोंचं. फ्लॅश बंद केला की कॅमेऱ्याला तेवढाच उजेड गोळा करायला शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, घरात अगदी १/८ सेकंद किंवा त्याहूनही जास्त. एवढ्या वेळात हात हलतोच. म्हणून कॅमेरा कशावर तरी टेकवा: डब्यावर, खुर्चीच्या पाठीवर, उंबऱ्यावर. आणि सेल्फ टायमर २ सेकंदांवर लावा. बटण दाबताना बसणारा धक्का त्या दोन सेकंदांत विरून जातो. मी आजीचा फोटो डाळीच्या डब्यावर कॅमेरा ठेवून काढला होता. फक्त समोरच्या माणसाचा हात थांबलेला असताना टिपायला शिकावं लागतं, कारण हलणारा हात टायमरने थांबत नाही.

याच कारणासाठी झूम सोडून द्या. अशा कॅमेऱ्यांत झूम लांब केलं की भिंगातून येणारा उजेड कमी होतो. झूम न केलेल्या टोकाला एफ २.८ असलेलं भिंग (एफचा आकडा जितका मोठा, तितकं भिंगाचं तोंड लहान) पूर्ण झूमच्या टोकाला एफ ५.६च्या आसपास जातं, म्हणजे उजेड जवळपास एक चतुर्थांश. शिवाय हाताची थरथरही झूमबरोबर मोठी होऊन दिसते. त्यापेक्षा चार पावलं पुढे जा. माणूस असेल तर आधी विचारा, दोन शब्द बोला, मग जवळ जा.

बटण दाबायची रीतही बघा. बहुतेक नवशिके एकदम खचकन दाबतात. ते अर्धंच दाबून थांबायचं असतं. तेवढ्यात कॅमेरा फोकस आणि उजेड ठरवतो, पडद्यावर हिरवी चौकट येते. अर्धं दाबून धरलेलं असतानाच फ्रेम हवी तशी सरकवा आणि मग पूर्ण दाबा. आठवडाभर हेच करत राहिलात तर बोटाला सवय होईल.

ज्या एका बटणावर मला सगळ्यात जास्त जीव लावावासा वाटतो ते म्हणजे अधिक-उणेचं, फोटो उजळ किंवा गडद करणारं. काही कॅमेऱ्यांत ते मेनूत असतं, 'ऑटो' सोडून 'प्रोग्रॅम' म्हणजे 'पी'वर गेलात की दिसतं. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही. समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं असणार असं धरून तो उजेड ठरवतो. त्यामुळे वारीत पांढरं धोतर-सदरा-टोपी घातलेल्या वारकऱ्यांनी फ्रेम भरलीत की तो म्हणतो, उजेड फार झाला, आणि पांढरे कपडे मळकट करून टाकतो. तिथे अधिककडे जायचं, २/३ किंवा १. उलट कृष्णेत डुंबणाऱ्या म्हशींनी फ्रेम भरली की तो म्हणतो, अंधार आहे, आणि काळीभोर म्हैस राखाडी करतो. तिथे उणे १. पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे. ऐकायला उलटं वाटतं, पण एकदा पांढऱ्या चादरीचा आणि काळ्या छत्रीचा फोटो असा काढून बघा, मग कधी विसरणार नाही.

आता अभ्यासासाठी एक सांगते, पैसे काही लागत नाहीत. पितळेचा तांब्या घ्या, खिडकीत ठेवा, आणि एक दिवस सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत दर तासाला त्याचा एक फोटो काढा. कॅमेऱ्याची जागा तीच ठेवा, खाली खडूने खूण करा. रात्री सगळे फोटो एकापुढे एक बघा. चकाकी तांब्याच्या गळ्यावरून कशी सरकते, सावली कधी लांब, कधी तोकडी, कधी नाहीशीच होते, दुपारी रंग पांढुरका आणि संध्याकाळी तांबूस कसा होतो, हे तुमच्या खिडकीपुरतं तुम्हाला पाठ होईल. मग तोच दिवस श्रावणात करा. ऊन-पावसात दहा मिनिटांत उजेड बदलतो, आणि ढग आले की खिडकीतला उजेड इतका मऊ होतो की चेहऱ्याचे फोटो काढायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

बाहेर पडलात तर एका फेरीत १२च फोटो काढायचे असं ठरवा. आकडा माझ्या मनाचा नाही. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या. त्यांच्या कॅमेऱ्यांत एक रोलीफ्लेक्स होता. त्याला झूम नाही आणि एका रोलवर चौकोनी १२ फोटो. देशातले मोठमोठे प्रसंग अशा साधनांनी टिपले गेले आहेत. बाराच मिळणार म्हटल्यावर बटण दाबायच्या आधी आपण एक पाऊल डावीकडे सरकून बघतो, कडेला आलेली विजेची तार दिसते, डोक्यातून उगवलेला खांब दिसतो.

घरी आल्यावर फोटो संगणकावर घ्या आणि त्याची माहिती उघडा. शटर किती होतं, भिंग किती उघडं होतं, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवला होता तो आकडा) किती, हे प्रत्येक फोटोबरोबर साठवलेलं असतं. हललेला फोटो दिसला की शटरचा आकडा बघा. रवाळ दिसला की आयएसओ बघा, ८०० किंवा १६०० निघेल. माझी अर्धी शिकवणी या आकड्यांनी घेतली.

पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पाऊचमध्ये कपाटात ठेवू नका, भिंगाला बुरशी धरते. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. आणि भिंग ओढणीने पुसू नका.

मोठा कॅमेरा कधी घ्यायचा ते सांगते. तुमच्या कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे ज्यावर फोटो उमटतो तो तुकडा, साधारण ६ गुणिले ४.५ मिलिमीटरचा असेल, करंगळीच्या नखाहूनही लहान. फुल फ्रेमचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या मोठ्या कॅमेऱ्याचा, असतो ३६ गुणिले २४, म्हणजे क्षेत्रफळाने तीसपट. त्यामुळे मंद उजेडात पळणारी मुलं, रात्रीचं कीर्तन, रंगमंचावरचं नाटक हे तुमच्या कॅमेऱ्याला झेपणार नाही, कितीही शिकलात तरी. असे फोटो हवेत आणि फ्लॅश बंद ठेवून, टेकवून, जवळ जाऊनही ते येत नाहीत, अशी वेळ तीन-चारदा आली की मग जुना वापरलेला, बदलत्या भिंगांचा कॅमेरा बघा. तोवर दादाचाच वापरा. आजीचा तो दाराशी बसलेला फोटो मी नंतर मोठा करून घेतला, आमच्या माजघरात लावलाय. त्यातला खडासुद्धा दिसतो, तिच्या अंगठ्यापाशी, उचलायच्या बेतात असलेला.