आता तरी मोठी हो?

प्रश्न : ताई, मी एकेचाळीस वर्षांची, कराडजवळ एका पतसंस्थेत नोकरीला. पोरांबरोबर सागरगोटे खेळायला बसले की अजूनही भान राहत नाही. ऑफिसात मला 'भाबडी' म्हणतात. एका मैत्रिणीला अडीनडीला वीस हजार दिले. दिवाळी उलटली तरी ती विषय काढत नाही, आणि मला मागवत नाही. हे म्हणतात, "आता तरी मोठी हो." खरंच बदलू का?

उत्तर : सागरगोटे आणि वीस हजार, दोन्ही घरच्यांनी एकाच गाठोड्यात बांधलंय. पैसे अडकले ते तू लहान मुलीसारखी वागलीस म्हणून नाही गं, मागताना मोठ्या माणसांसारखी भीड धरलीस म्हणून.

आमच्या बोळात रोज संध्याकाळी लगोरी रंगते. परवा चेंडू पाठीत बसूनही एक दांडगट पोरगा "लागलाच नाही" म्हणून हटून बसला. त्यांच्यातली सगळ्यात चिमुरडी कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभी राहिली. "लागला. मी पाहिला. तू आउट!" तो तिच्या दुप्पट उंच! कट्टी झाली, आणि दिवेलागणीला दोघं पायरीवर बसून एकाच पुडीतली बोरं खात होती. निरागसपणा म्हणतात तो हाच, अख्खा. मोठेपणी आपण त्यातली बोरं तेवढी लक्षात ठेवतो.

साने गुरुजींचं बघ. चटकन डोळे भरून येणारा, अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या झाडणारा हळवा माणूस. पण १९४७च्या मे महिन्यात विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात उपोषणाला बसला, तो मागणी मान्य होईपर्यंत उठला नाही. हा हट्ट त्या हळवेपणातूनच आला, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा मैत्रिणीला समोर भेट. "माझे पैसे हवेत. एकदम जमत नसेल तर महिन्याला दोन हजार दे," एवढंच म्हण. मुलांची फी, घरातला खर्च, असली कारणं जोडू नकोस. स्वतःचे पैसे मागायला कारण कशाला? दिले तर उत्तम, राग धरू नकोस. टाळाटाळ केली तर तिला पुन्हा देऊ नकोस. पण तिच्यापायी पुढच्या गरजूकडे संशयाने बघायला लागू नकोस. त्याला द्यावंसं वाटलं तर जरूर दे, फक्त कधी परत करणार ते आधी विचारून घे.